जोसेफ हेन्री

जोसेफ हेन्री (१७ डिसेंबर, १७९७ – १३ मे, १८७८) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. विद्युतचुंबकाची सुधारणा, स्वप्रवर्तनाचा शोध आणि विद्युत रिलेची रचना ही त्यांची प्रमुख वैज्ञानिक कामगिरी मानली जाते. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे ते पहिले सचिव होते. प्रवर्तकत्व अर्थात इंडक्टन्स या भौतिक राशीच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांच्या सन्मानार्थ हेन्री हे नाव देण्यात आले आहे.

विद्युतचुंबकीय प्रवर्तन हेन्री आणि इंग्लंडमधील मायकेल फॅरडे यांनी परस्परांच्या नकळत शोधून काढले. फॅरडे यांनी ते आधी प्रसिद्ध केल्यामुळे त्याचे श्रेय त्यांना मिळाले. स्वप्रवर्तनाच्या बाबतीत मात्र प्रसिद्धीचा अग्रक्रम हेन्री यांच्याकडे आहे.

सुरुवातीचे जीवन

हेन्री यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे स्कॉटिश वंशाच्या एका गरीब कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव विल्यम व आईचे नाव ॲन होते. वडील लवकर वारले. बालपणाचा बराच काळ त्यांनी गॅल्वे या गावी आजीकडे काढला. तेथे शाळा सुटल्यावर ते एका दुकानात काम करीत असत. वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास ते ऑल्बनीत घड्याळे व चांदीच्या वस्तू बनवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागले. त्या वयात त्यांना नाटकांची ओढ होती आणि नट होण्याचा विचारही त्यांच्या मनात होता. सोळाव्या वर्षी विज्ञानावरील सुबोध व्याख्यानांचे एक पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि त्यांचे लक्ष विज्ञानाकडे वळले.

१८१९ मध्ये त्यांना ऑल्बनी अकादमीत विनाशुल्क प्रवेश मिळाला. शिकत असतानाच खाजगी शिकवण्या करून ते चरितार्थ चालवीत. वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा बेत होता. परंतु मध्यंतरी हडसन नदी ते ईरी सरोवर या रस्त्याच्या सर्वेक्षणावर त्यांनी साहाय्यक अभियंता म्हणून काम केले आणि त्यांचा कल अभियांत्रिकीकडे झुकला. १८२६ मध्ये त्याच अकादमीत गणित व निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ३ मे, १८३० रोजी त्यांचा विवाह हॅरिएट अलेक्झांडर यांच्याशी झाला.

विद्युतचुंबकावरील काम

इंग्लंडमधील विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये लोखंडाच्या नालाकृती तुकड्याभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक तयार केला होता. स्टर्जन यांची तार उघडी होती. त्यामुळे वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून ते दूर दूर ठेवावे लागत आणि वेढ्यांची संख्या कमी राही. हेन्री यांनी लोखंडाऐवजी तारेलाच रेशमाचे वेष्टन दिले. तार निरोधित झाल्यामुळे वेढे एकमेकांना खेटून आणि एकावर एक अनेक थरांत गुंडाळता येऊ लागले व चुंबकाची शक्ती कित्येक पटींनी वाढली. ऑल्बनीत बनवलेल्या सुमारे साडेनऊ किलो वजनाच्या एका विद्युतचुंबकाने सुमारे ३४० किलो भार उचलला. १८३१ मध्ये येल महाविद्यालयासाठी बनवलेल्या चुंबकाने ९०० किलोंहून अधिक भार उचलून धरला.

या प्रयोगांतून हेन्री यांना एक महत्त्वाचा भेद आढळला. अनेक आखूड तारा समांतर जोडलेले वेटोळे मोठ्या पृष्ठभागाच्या एकाच घटावर उत्तम काम करते. एकच लांब तार गुंडाळलेल्या वेटोळ्याला मात्र अनेक घट एकसरीत जोडलेली घटमाला लागते. दुसऱ्या प्रकारचा चुंबक लांब तारेच्या टोकालाही काम करतो, हे त्यांनी ऑल्बनी येथे सुमारे एक मैल लांबीच्या तारेच्या टोकाला घंटा वाजवून दाखवले. दूरवर संदेश पाठवणाऱ्या तारयंत्राचा पाया या निरीक्षणात होता.

१८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकाच्या साहाय्याने तुळईसारखी वरखाली झुलणारी एक छोटी यंत्ररचनाही केली. विद्युत मोटारीच्या आरंभीच्या नमुन्यांत तिची गणना होते.

प्रवर्तन आणि अग्रक्रमाचा प्रश्न

विद्युतधारेमुळे चुंबकत्व निर्माण होते, हे १८२० पासून ज्ञात होते. चुंबकत्वापासून विद्युतधारा मिळवता येईल काय, हा त्या काळातील मोठा प्रश्न होता. हेन्री त्यावर ऑल्बनीत काम करीत होते. परंतु अकादमीतील अध्यापनाचा भार मोठा असल्यामुळे प्रयोगांना मुख्यतः सुट्टीचाच काळ मिळे. आपले निष्कर्ष पूर्ण केल्याशिवाय ते प्रसिद्ध करण्याची त्यांना घाई नसे. विद्युतचुंबकाविषयीचा त्यांचा लेखही हॉलंडमधील गेरिट मॉल यांचे तशाच प्रकारचे काम छापून आल्यानंतर, जानेवारी १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

फॅरडे यांनी २९ ऑगस्ट, १८३१ रोजी लोखंडी कड्यावरील दोन वेटोळ्यांचा प्रयोग यशस्वी केला आणि नोव्हेंबरमध्ये तो रॉयल सोसायटीपुढे मांडला. त्याचा वृत्तांत १८३२ च्या वसंत ऋतूत अमेरिकेत पोहोचला. तो वाचल्यावर हेन्री यांनी आपले प्रयोग लिहून काढले व ते जुलै १८३२ मध्ये बेंजामिन सिलिमन यांच्या विज्ञानविषयक नियतकालिकात छापून आले. तोपर्यंत शोधाचे श्रेय फॅरडे यांच्याकडे गेले होते. हेन्री यांनी त्याबद्दल फॅरडे यांच्याशी वाद घातला नाही. १८३७ च्या युरोप दौऱ्यात ते फॅरडे यांना भेटले.

स्वप्रवर्तनाचा शोध

१८३२ च्या त्याच लेखाच्या अखेरीस हेन्री यांनी एक वेगळे निरीक्षण नोंदवले होते. घटाची दोन टोके फूटभर तारेने जोडून जोड तोडला, तर ठिणगी दिसत नाही. तीच तार ३० ते ४० फूट लांब असेल, तर जोड तोडताना तेजस्वी ठिणगी उडते. तार गुंडाळून तिचे वेटोळे केले, तर ठिणगी आणखी मोठी होते. घट तोच असूनही हा फरक पडत होता.

याचे कारण असे की, तारेतून धारा वाहत असताना तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असते. धारा बदलली की क्षेत्र बदलते आणि बदलते क्षेत्र त्याच तारेत विद्युतदाब निर्माण करते. हा दाब नेहमी बदलाला विरोध करतो. धारा वाढत असेल तर तो तिला मागे खेचतो, धारा घटत असेल तर तिला पुढे ढकलतो. जोड तोडताना धारा एकदम शून्यावर येऊ लागते; बदल वेगाने होतो म्हणून दाबही मोठा होतो व हवेतील फट ओलांडून ठिणगी पडते. तारेने स्वतःमध्येच घडवून आणलेल्या या परिणामाला स्वप्रवर्तन म्हणतात. फॅरडे १८३४ मध्ये स्वतंत्रपणे याच निष्कर्षापर्यंत पोहोचले; परंतु हेन्री यांचा लेख त्यापूर्वी दोन वर्षे प्रसिद्ध झालेला होता.

प्रिन्स्टन

१८३२ मध्ये हेन्री प्रिन्स्टन येथील न्यू जर्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले. हेच पुढे प्रिन्स्टन विद्यापीठ म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथे त्यांनी १८३५ च्या सुमारास रिलेची रचना केली. दुरून आलेल्या क्षीण धारेने एक हलका विद्युतचुंबक चालवावा आणि त्याने जवळच्या सशक्त घटमालेचा परिपथ जोडावा किंवा तोडावा, असे तिचे तत्त्व होते.

दोन वेटोळ्यांतील वेढ्यांची संख्या कमीअधिक करून विद्युतदाब वाढवता किंवा कमी करता येतो, हे त्यांनी १८३८ मध्ये दाखवले. रोहित्राचे म्हणजे ट्रान्सफॉर्मरचे तत्त्व हेच आहे. १८४२ मध्ये त्यांनी लेडन बरणीतील विद्युतभार एकाच दिशेने वाहून न जाता पुढेमागे आंदोलने घेत नाहीसा होतो, असा निष्कर्ष काढला. प्रवर्तकत्व आणि धारकता एकत्र आली की अशी आंदोलने होतात. रेडिओतील स्थानक निवडणारा परिपथ याच तत्त्वावर चालतो. १८४५ मध्ये मेहुणे स्टीफन अलेक्झांडर यांच्यासह त्यांनी सौरडाग भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा कमी उष्ण असल्याचे मापनाने दाखवले.

प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत त्यांना सॅम पार्कर या आफ्रिकन-अमेरिकन साहाय्यकाची मोठी मदत होई. उपकरणे तयार ठेवणे, घटांची निगा राखणे ही कामे पार्कर करीत. विद्युत धक्क्यांच्या काही प्रयोगांत धक्का सोसण्याचे कामही त्यांच्या वाट्याला आले. हेन्री यांच्या प्रसिद्ध लेखांतून या सहभागाला फारसे स्थान मिळाले नाही.

स्मिथसोनियन संस्था

ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स स्मिथसन यांनी ठेवलेल्या देणगीतून १८४६ मध्ये स्मिथसोनियन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हेन्री यांची पहिले सचिव म्हणून निवड झाली. ते अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ वर्षे या पदावर राहिले. संस्थेने मूळ संशोधनाला साहाय्य करावे आणि त्याचे निष्कर्ष जगभर पोहोचवावेत, असे त्यांचे धोरण होते. स्वयंसेवक निरीक्षकांचे जाळे उभारून आणि तारयंत्राचा उपयोग करून त्यांनी हवामानाची माहिती एकत्र करण्याची व्यवस्था केली. अमेरिकेतील शासकीय हवामान सेवेचा उगम या व्यवस्थेत आहे. प्रशासनाच्या कामामुळे त्यांचे स्वतःचे विद्युत संशोधन मात्र जवळजवळ थांबले.

१८५२ पासून ते दीपगृह मंडळाचे सदस्य व १८७१ पासून त्याचे अध्यक्ष होते. दीपगृहांसाठीची तेले आणि धुक्यात जहाजांना इशारा देणारे भोंगे यांवर त्यांनी प्रयोग केले. १८६८ पासून मृत्यूपर्यंत ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते.

त्यांच्या कारकिर्दीतील काही निर्णयांवर टीका झाली. १८६२ मध्ये संस्थेच्या सभागृहातील व्याख्यानमालेत गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांना बोलू देण्यास त्यांनी नकार दिला. २४ जानेवारी, १८६५ रोजी संस्थेच्या इमारतीला लागलेल्या आगीत हेन्री यांची बहुतेक कागदपत्रे जळाली. त्यामुळे त्यांच्या आरंभीच्या प्रयोगांच्या तारखा निश्चित करणे पुढील अभ्यासकांना कठीण झाले.

मोर्स यांच्याशी वाद

सॅम्युएल मोर्स यांनी तारयंत्र विकसित करीत असताना हेन्री यांच्या विद्युतचुंबकविषयक कामाचा उपयोग केला होता व सुरुवातीस दोघांचे संबंध सलोख्याचे होते. पुढे तारयंत्राच्या एकस्वाधिकारावरून खटले झाले. त्यांत हेन्री यांना साक्ष द्यावी लागली. विद्युतचुंबकाच्या मूळ तत्त्वांचे श्रेय मोर्स यांच्याकडे जात नाही, असा तिचा आशय होता. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला व १८५४ मध्ये न्यायालयाने मोर्स यांचे एकस्व मान्य करतानाच त्यांचा सर्वांत व्यापक दावा फेटाळला. नंतर मोर्स यांनी हेन्री यांच्यावर जाहीर टीका केली. हेन्री यांनी संस्थेच्या नियामक मंडळाकडे चौकशीची मागणी केली आणि मंडळाच्या समितीने त्यांच्या बाजूने अहवाल दिला. स्वतः हेन्री यांनी आपल्या शोधांसाठी एकस्व घेतले नाही.

अखेरची वर्षे व मृत्यू

१८७५ मध्ये तरुण अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपल्या प्रयोगांविषयी सल्ला घेण्यासाठी त्यांच्याकडे आले. आवश्यक ते विद्युतशास्त्राचे ज्ञान आपल्याकडे नसल्याचे बेल यांनी सांगितले, तेव्हा ते मिळवावे आणि काम सोडू नये, असा सल्ला हेन्री यांनी दिला. १३ मे, १८७८ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने वॉशिंग्टन येथे हेन्री यांचे निधन झाले. तेथील ओक हिल दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

हेन्री हे एकक

प्रवर्तकत्वाला हेन्री यांचे नाव त्यांच्या मृत्यूनंतर १५ वर्षांनी, १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत देण्यात आले. फॅरडे यांच्या नावाचे फॅरड हे धारकतेचे एकक त्याआधीच, १८८१ च्या पॅरिस परिषदेत स्वीकारले गेले होते. एखाद्या वेटोळ्यातील धारा दर सेकंदाला १ अँपिअर या दराने बदलत असताना त्यात १ व्होल्ट विद्युतदाब निर्माण होत असेल, तर त्याचे प्रवर्तकत्व १ हेन्री असते. आंतरराष्ट्रीय पद्धतीत या एककाचे चिन्ह एच हे आहे.

१८९३ पूर्वी याच एककाला क्वाड्रंट असे नाव होते. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीच्या विद्युतचुंबकीय शाखेत प्रवर्तकत्व चक्क सेंटिमीटरमध्ये, म्हणजे लांबीच्या एककात मोजले जाई. व्यवहारातील एकक त्याच्या १ अब्ज पट होते. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा चतुर्थांश, सुमारे १०,००० किलोमीटर अर्थात १ अब्ज सेंटिमीटर असल्यामुळे क्वाड्रंट हे नाव पडले होते.

लहान व मोठ्या एककांतील रूपांतर

हेन्रीचे उपविभाग नेहमीच्या दशमान उपसर्गांनी तयार होतात.

१ हेन्री = १,००० मिलिहेन्री
१ हेन्री = १०,००,००० मायक्रोहेन्री
१ हेन्री = १,००,००,००,००० नॅनोहेन्री
१ किलोहेन्री = १,००० हेन्री
१ मेगाहेन्री = १०,००,००० हेन्री

जुन्या पद्धतीतील दोन एकके जुन्या ग्रंथांत आणि रूपांतराच्या तक्त्यांत आढळतात. विद्युतचुंबकीय शाखेतील एककाला अबहेन्री आणि स्थिरविद्युत शाखेतील एककाला स्टॅटहेन्री म्हणतात. पहिले अतिशय लहान व दुसरे अतिशय मोठे आहे.

१ अबहेन्री = १ नॅनोहेन्री = हेन्रीचा १ अब्जांश
१ स्टॅटहेन्री = सुमारे ८९८.७६ अब्ज हेन्री

ही मूल्ये व्याख्येवरून काढता येतात. प्रवर्तकत्व म्हणजे विद्युतदाब गुणिले काळ भागिले धारा. अबव्होल्ट हा व्होल्टचा १० कोटीवा भाग असून अबअँपिअर १० अँपिअर इतका असतो. म्हणून त्यांच्या भागाकारातून हेन्रीचा १ अब्जांश मिळतो. स्टॅटव्होल्ट सुमारे २९९.७९ व्होल्ट इतका मोठा आहे, तर १ अँपिअरमध्ये सुमारे २.९९८ अब्ज स्टॅटअँपिअर मावतात. म्हणून २९९.७९ ला २.९९८ अब्जांनी गुणले की सुमारे ८९८.७६ अब्ज हे उत्तर येते.

यावरून १ स्टॅटहेन्री म्हणजे सुमारे ८.९८७६ गुणिले १० चा २० वा घात इतके अबहेन्री होतात. ही संख्या सेंटिमीटर प्रतिसेकंद या एककातील प्रकाशवेगाचा वर्ग आहे. विद्युतभाराच्या दोन एककांचे गुणोत्तर प्रकाशाच्या वेगाजवळ येते, हे विल्हेल्म वेबर व रुडॉल्फ कोलराउश यांच्या १८५६ मधील मापनातून दिसले होते. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी त्यातून प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असल्याचा सिद्धांत मांडला.

उदाहरणार्थ, १० सेंटिमीटर लांब व १ चौरस सेंटिमीटर छेदाच्या हवेच्या गाभ्याभोवती १०० वेढे दिले, तर वेटोळ्याचे प्रवर्तकत्व सुमारे १२.५७ मायक्रोहेन्री होते. ते अबहेन्रीत सांगायचे तर १२,५७० आणि हेन्रीत सांगायचे तर ०.००००१२५७ असे लिहावे लागते. स्टॅटहेन्रीत तीच राशी १.४ भागिले १० चा १७ वा घात इतकी सूक्ष्म होते. वेढे दुप्पट केले आणि लांबी तीच ठेवली, तर प्रवर्तकत्व चौपट होते. हेन्री यांनी रेशमाच्या वेष्टनाने वेढे दाट केले, त्याचा परिणाम इतका मोठा का झाला, हे यावरून समजते.

वापर

सेंटिमीटरभर सरळ तारेचे प्रवर्तकत्व सुमारे १० नॅनोहेन्री असते. मध्यमलहरी रेडिओतील वेटोळे काहीशे मायक्रोहेन्रीचे, तर जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटचा चोक सुमारे १ हेन्रीचा असतो. स्टार्टर परिपथ तोडतो तेव्हा चोकमध्ये निर्माण होणाऱ्या मोठ्या विद्युतदाबाने नळी पेटते. हेन्री यांनी १८३२ मध्ये नोंदवलेली ठिणगी आणि ही घटना यांमागील कारण एकच आहे.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण उपनगरी रेल्वेत आढळते. भारतातील पहिली विद्युत रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी, १९२५ रोजी मुंबई व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर १,५०० व्होल्ट एकदिश धारेवर धावली. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही स्थानके ज्या मार्गावर आहेत, त्या कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये याच पद्धतीने झाले. पुढे या मार्गावर २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती धारा आणण्यात आली. एकदिश धारेचा दाब रोहित्राने बदलता येत नाही, कारण न बदलणारी धारा दुसऱ्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण करीत नाही. प्रत्यावर्ती धारा सतत बदलत असल्यामुळे तारेवरील उच्च दाब गाडीतील रोहित्राने कमी करता येतो. अंबरनाथ व बदलापूर येथील औद्योगिक वसाहतींसारख्या ठिकाणी मोटारींच्या प्रवर्तकत्वामुळे धारा विद्युतदाबाच्या मागे पडते. ती तूट भरून काढण्यासाठी कारखान्यांत धारित्रे बसवली जातात.

सन्मान

वॉशिंग्टन येथे स्मिथसोनियन संस्थेच्या इमारतीसमोर विल्यम वेटमोर स्टोरी यांनी घडवलेल्या हेन्री यांच्या पुतळ्याचे १८८३ मध्ये अनावरण झाले. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयातील मुख्य वाचनकक्षात विज्ञानाचे प्रतिनिधी म्हणून आयझॅक न्यूटन यांच्याबरोबर त्यांचा पुतळा आहे. त्यांची कन्या मेरी यांनी वडिलांचे उरलेले कागद व आठवणी जमवून त्यांच्या कामाची नोंद जपण्याचा प्रयत्न केला.